उंबरठ्यापाशी थांबलेला कायदा

संपादकांनी विषय दिला ‘घरून काम : फायदे आणि तोटे’. फायद्या-तोट्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी कामगारांच्या बाजूने नुकसानभरपाईचे दावे चालवणारा वकील. माझ्याकडे माणूस येतो तो हात-पाय मोडल्यावर, नाहीतर त्याच्या घरचे येतात तो गेल्यावर. त्यामुळे मी एकाच प्रश्नावर लिहिणार आहे. घरून काम करणारा माणूस घरात पडला, तर तो घरी पडला की कामावर पडला?

निमित्त आहे लालबागच्या एका चाळीतल्या मुलीचं. एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी ती फोनवर घेते. कंपनीने लोअर परळमधलं ऑफिस सोडलं आणि सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. तिला कोणी विचारलं नव्हतं. घर म्हणजे एक खोली. सासू-सासरे, नवरा, शाळेत जाणारा मुलगा, आणि संध्याकाळी टीव्ही. फोनवर मागचा आवाज ऐकू आला की गुण कापले जातात, म्हणून ही पोटमाळ्यावर बसते. वर ताठ उभं राहता येत नाही. मांडीवर लॅपटॉप, कानाला हेडफोन, आणि चढा-उतरायला भिंतीला टेकवलेली लोखंडी शिडी. रात्री दोन फोनच्या मधल्या वेळात पाण्याला खाली उतरली, वर चढताना पाय निसटला. मनगट मोडलं, पाठीला मार बसला. कंपनीचं उत्तर एका ओळीचं: अपघात राहत्या घरात झाला आहे, आमचा संबंध नाही.

संबंध आहे की नाही, याचं माप हा अपघात झाला तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात आहे. अपघात ‘नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात’ झालेला हवा. दोन्ही गोष्टी हव्यात, एक असून भागत नाही. शब्द थोडे आहेत, पण गेल्या शंभर वर्षांत त्यांच्यावर जेवढा कीस पडला तेवढा या शाखेत दुसऱ्या कशावर पडला नसेल. वाचकांनी इथे थोडा धीर धरावा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

नोकरीचा ओघ सुरू कुठे होतो? कारखान्याच्या फाटकावर, असं जुनं उत्तर. पण न्यायालयांनी ही हद्द हळूहळू बाहेर सरकवली. यातला मोठा निकाल आपल्या मुंबईचा, बेस्टचा. एका चालकाने काम संपवून जोगेश्वरी डेपोत गाडी लावली आणि सांताक्रूझला घरी जायला बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये चढला. त्या बसला अपघात झाला, तो गेला. त्याच्या पत्नीचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि १९६३ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. बसमधून मोफत प्रवास हा चालकाच्या नोकरीचाच भाग होता, म्हणून त्या प्रवासातही तो नोकरीच्या ओघात होता. पुढे १९९६ मध्ये गाडी मागे गेली. सायकलवरून कामाला निघालेला एक कामगार कारखान्यापासून किलोमीटरभरावर लॉरीखाली सापडून जखमी झाला, त्याला न्यायालयाने नाही म्हटलं. मग २०१० मध्ये कर्मचारी राज्य विमा कायद्यात दुरुस्ती होऊन घर ते काम हा प्रवास त्यात आला. पण तो कायदा पगाराच्या मर्यादेपुरता. २०२५ मध्ये ती मर्यादा २१,००० रुपये होती, आणि लालबागच्या या मुलीचा, म्हणजे माझ्या अशिलाचा, पगार त्याच्या जरा वर जात होता.

आणि मग २९ जुलै २०२५. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला होता. कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. वर्ष २००३. त्याच्या घरच्यांना सर्वोच्च न्यायालयात न्याय मिळाला तो २०२५ मध्ये. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी सांधा दिसला, तर घर ते कामाची जागा हा प्रवासही १९२३ च्या कायद्यात बसतो, असं न्यायालयाने म्हटलं. तो निकाल वाचताना या पेशात आल्याचं समाधान वाटलं.

म्हणजे कायद्याने पाच किलोमीटरचा रस्ता जवळ केला. पोटमाळ्याची शिडी मात्र अजून बाहेर आहे.

जर्मनीत हा प्रश्न तिथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयापुढे ८ डिसेंबर २०२१ रोजी सुटला. एक गृहस्थ सकाळी उठून झोपायच्या खोलीतून गोल जिन्याने खालच्या मजल्यावर घरातल्याच ऑफिसात निघाले होते, जिन्यावर घसरले, पाठीचा मणका मोडला. न्यायालयाने तो जिना कामावर जायची वाट धरला. आपली न्यायालयं त्याला बांधील नाहीत. पण त्यामागचा विचार मला आपल्या बेस्टच्या निकालाशी सख्खा वाटतो, आणि मी तो मांडणार आहे.

लोक सर्रास म्हणतात, ‘घरून कामाला कायदाच नाही.’ हे मला पटत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने घरी माल नेऊन काम करणाऱ्यालाही कर्मचारी म्हटलं होतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहतं घरही कामाच्या जागेत धरलं आहे. बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करू देण्याची तरतूद २०१७ मध्ये आली. कायद्याला घर ठाऊक आहे. पडल्या-झडल्याचा भार कोणी उचलायचा, तेवढं तो स्पष्ट बोलत नाही.

याचं कारण मला जुनं वाटतं. घरातलं काम ही इथे २०२० ची गोष्ट नाही. लालबाग-परळमध्ये गिरणी कामगारांच्या पाळ्या सांभाळत बायका एका खोलीत खाणावळी चालवत, पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, तेव्हा कुठे त्यांच्या राबण्याला धंदा म्हणायला लोक तयार झाले. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जतची सुरुवात केली. तिथे सकाळी पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड देऊन वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घ्यायची. प्रत्येक बहीण संस्थेची भागीदार. ती मांडणी मला फार मोलाची वाटते. पण मालाच्या ठेक्यावर मणी ओवणाऱ्या, कपड्यांना काजं-बटणं करणाऱ्या हजारोंना तसा आधार नव्हता. त्यांचे डोळे गेले, कंबरा गेल्या, आणि त्याची नोंद ‘घरी असते, थोडंफार काम करते’ अशी झाली. घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये करार केला, १७७ क्रमांकाचा. भारताने तो अजून मान्य केलेला नाही. आता तीच नोंद लालबागच्या या पदवीधर मुलीच्या वाट्याला आली आहे, आणि तिच्या घरचेही तिला म्हणतात, घरीच तर होतीस.

कंपनीचे वकील मला विचारणार आहेत, पाणी प्यायला उतरणं हे काम आहे का? गिरणीत खात्यातून उठून नळावर गेलेला कामगार घसरला, तर तो नोकरीच्या ओघातच धरला जातो, ही गोष्ट आमच्या शाखेत कधीच ठरलेली आहे. माणसाला तहान लागते हे मालकाने गृहीत धरायचं असतं. शिवाय त्या रात्रीची नोंद कंपनीच्याच संगणकात आहे. फोन संपला, मधली सुट्टी सुरू झाली, सुट्टीची मिनिटं पाळीच्या वेळेत मोजली गेली. ती नोंद हजर करावी म्हणून मी अर्ज दिला आहे. पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतरची आहे.