अंधारातील बोटे

खामगावच्या आमच्या घरी, आईच्या खोलीत, दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करणारी एक जुनी गोल कळ भिंतीवर होती. दृष्टी मंदावलेली आई रात्री उठली की बोटांनीच ती शोधी. पिवळा दिवा जाऊन साधा एलईडी आला आणि प्रकाश थरथरू लागला. 50 हर्ट्‌झच्या प्रवाहातील प्रत्येक अर्धलहरीचा काही भाग ती कळ तोडून टाके. तापलेली तार ती तूट झाकून नेई. साध्या एलईडीला ते जमत नाही.

पुतण्याने हौसेने 'स्मार्ट' यंत्र आणि मंद होऊ शकणारा नवा एलईडी आणला. यंत्राला न्यूट्रल तार हवी होती. जुन्या पेटीत ती नव्हती. वायरमनने शेजारच्या सॉकेटमधून ती ओढली. आता मोबाईलवर बोट फिरविताच प्रकाश मंदावे. भिंतीवर मात्र कोरी पट्टी उरली. आम्ही कौतुक केले. आई गप्प राहिली.

त्याच आठवड्यात रात्री वीज गेली. ती परतली तरी वायफाय सुरू होईना. आई भिंत चाचपडत राहिली आणि उंबऱ्याशी पडता पडता वाचली.

"उजेड तुमच्या हाती गेला रे," एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी त्या यंत्राला भिंतीवर बटण जोडून घेतले. वायफाय असो वा नसो, ते चालते. ज्याच्यासाठी सोय करावयाची, त्याला आधी विचारावे, हे मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो.