अवजारांची यादी

साहित्यविषयक लेखांच्या या पानांवर ट्रॅक्टरची गोष्ट काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु गेल्या दोन वर्षांत आम्हा तिघा भावंडांमध्ये सर्वाधिक गांभीर्याने जी चर्चा झाली ती कोणत्याही कादंबरीवर झालेली नाही. वडिलोपार्जित जागेसाठी कोणता लहान ट्रॅक्टर घ्यावा आणि त्याच्या मागे कोणती अवजारे लावावीत, या विषयावर ती झाली. तिच्यात शब्दांचा, वाटणीचा आणि ‘आम्ही’ या सर्वनामाचा प्रश्न इतक्या वेळा निघाला की ती येथे मांडणे अगदीच गैर ठरू नये.

जागेचे वर्णन प्रथम करावयास हवे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. भोरच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर आमची चार एकर जमीन आहे. तीपैकी दीड एकरात भाताची नऊ खाचरे एकाखाली एक उतरत गेली आहेत. सर्वांत मोठे बारा गुंठ्यांचे, सर्वांत लहान दोन प्रत्येकी तीन गुंठ्यांची. उरलेली जमीन वरकस. तिच्यात नाचणी, गवत आणि आंब्याची वीस-बावीस झाडे. मध्ये घर. घराकडून खाचरांकडे जाणारी वाट दगडी गडगा आणि जुना फणस यांच्यामधून जाते व तेथे ती जेमतेम चार फूट रुंद आहे. वडिलांच्या शेवटच्या आजारात बैलजोडी विकली गेली आणि त्यानंतर सारे काम भाड्याच्या यंत्रांवर आले.

कोणत्याही विक्रेत्याच्या दुकानात शिरले की पहिला प्रश्न येतो, ‘किती एचपी?’ या एचपीचे ‘अश्वशक्ती’ हे भाषांतर आपल्याकडे रुळले असले तरी आपल्या नांगराला घोडा क्वचितच जुंपला गेला. जेम्स वॅटने आपल्या वाफेच्या इंजिनाची तुलना करण्यासाठी घोड्याचे माप घेतले. मराठी शेतकऱ्याचे माप निराळे होते. त्याच्याकडे जमीनसुद्धा औतांवर मोजली जाई; ‘दोन औतांची जमीन’ म्हटले की ऐकणाऱ्याला तिचा विस्तार आणि त्या घराची ऐपत एकदमच कळे. बैलजोडीची शक्ती साधारणपणे एका अश्वशक्तीच्या आसपास धरतात. त्या हिशेबाने वीस अश्वशक्तीचा लहानसा ट्रॅक्टर म्हणजे आमच्या खाचरात एकाच वेळी उतरलेल्या वीस जोड्या! त्यांना वळायला जागा कोठून मिळणार, हा प्रश्न दुकानात कोणी विचारीत नाही.

म्हणून आमच्यापैकी मधल्याने शक्तीचा प्रश्न बाजूला ठेवून कामांची यादी केली. चिखलणी, भात निघाल्यावरची नांगरट, वरकसाची उन्हाळी नांगरट, शेणखताची ने-आण, पेंढा व गवताची वाहतूक. प्रत्येक कामाचे तास मांडले तर वर्षाची बेरीज नव्वदच्या आत राहिली. शेती अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतून ट्रॅक्टरचे आयुष्य सामान्यतः दहा वर्षे व दहा हजार तास असे धरून हिशेब शिकवतात. आमच्या गतीने ते तास पुरे होण्यास एकशे अकरा वर्षे लागतील. हा आकडा ऐकून तिघेही हसलो. पण निव्वळ हिशेबाने पाहता भाड्याचे यंत्रच योग्य, हे त्यात स्पष्ट होते.

हिशेब जेथे तुटतो ती जागा जुलैमध्ये आहे. भाताचे रोप तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की लावणी व्हावयास हवी. रोप वाफ्यात म्हातारे झाले तर पुढे त्याला फुटवे कमी येतात. पाऊस साधला की साऱ्या गावाला त्याच आठवड्यात चिखलणी हवी असते आणि भाड्याचे यंत्र प्रथम मोठ्या खाचरांकडे जाते. आमची पाळी दोनदा बारा-बारा दिवस उशिरा आली. यंत्र विकत घेण्याचे समर्थन केवळ या बारा दिवसांत आहे.

येथवर एकमत होते. पुढे फाटे फुटले. थोरल्याचे म्हणणे असे की घ्यायचा तर तीस अश्वशक्तीच्या जवळपासचा घ्यावा, त्याला पाच फुटी रोटाव्हेटर लावावा, आणि तो वळावा म्हणून नऊ खाचरांची तीन करावीत. जेसीबी तासावर मिळतो. बांध एका दिवसात निघतील. धाकटीचे मत अगदी उलट. तिला दोन चाकांचा, हाताने धरून चालवायचा पॉवर टिलर पुरेसा वाटत होता. तो कोणत्याही खाचरात उतरतो आणि चार फुटांच्या वाटेने जातो. टिलरमागे दिवसभर चिखलात चालणे ही काय मेहनत असते, हे थोरल्याने तिला ऐकवले. तिनेही विचारले, “दादा, तू वर्षातून किती दिवस इथं राहणार आहेस?” बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

बांधाविषयी आम्हांपैकी कोणापेक्षाही अधिक अधिकाराने बोलू शकणारे गृहस्थ अंगणातच बसले होते. चाळीस वर्षे ही जमीन त्यांनी कसली. आम्ही त्यांना मामा म्हणतो. ते एवढेच म्हणाले, “बांध फोडाल, पण मग पाणी कुठं उभं राहील?” उतारावरची दोन खाचरे एक करायची तर वरच्याची माती खाली ओढावी लागते. वर मुरूम उघडा पडतो, खाली काळजीने जोपासलेली माती गाडली जाते, आणि काही वर्षे तरी त्या तुकड्याचे पीक हटते. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, १८८३ च्या सुमारास, पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून ताली-बंधारे बांधण्याची सूचना केली होती. वर्गात आपण तो ग्रंथ शोषणाच्या मीमांसेसाठी शिकवतो, ते योग्यच आहे. पण त्यात मातीच्या एका बांधाचाही विचार आहे, हे आम्हांला जेसीबीचा दर विचारून आल्यानंतर उमगले.

थोरल्याच्या आग्रहाचे खरे कारण मात्र यंत्रात नव्हते, हे हळूहळू ध्यानात आले. नऊ खाचरे असली की त्यांचे तीन-तीन वाटे सहज पडतात. ती तीन झाली आणि त्यांच्यासाठी एकच मोठा ट्रॅक्टर आला, तर वाटणीचा विषय निघणे अवघड होईल. जमीन एकत्र राहावी म्हणून त्याला बांध काढायचे होते. धाकटीच्या टिलरमागेही असेच काही होते. आपल्याला एकटीला जमीन कसता यावी, कोणाच्या सुट्टीची वाट पाहावी लागू नये, ही तिची इच्छा. अश्वशक्तीच्या आकड्यांआडून दोघे एकमेकांशी नात्याविषयी बोलत होते.

यंत्राविषयीचा अविश्वास आणि त्याचा स्वीकार या दोन्ही गोष्टी मराठी मुलखाला नव्या नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या समजुतीमुळे पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९२० मध्ये त्या कारखान्याची ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. तिच्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासातले हे एक मोठे नाव नांगराच्या मागे मागे आले, हे विद्यार्थ्यांना सांगितले की ते क्षणभर थबकतात. अवजार आणि अक्षर यांच्यात आपण समजतो तेवढे अंतर नाही.

अवजार व यंत्र यांचे नाते बदलणारी घटना मात्र आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनच्या कामात आहे. पूर्वीचे ट्रॅक्टर बैलांप्रमाणेच नांगर मागून ओढीत. फाळ खडकात अडकला की ट्रॅक्टरचे तोंड वर उठे आणि तो चालकावर उलटे. फर्ग्युसनने अवजार तीन सांध्यांनी ट्रॅक्टरच्या अंगालाच जोडले. खालचे दोन हात ओढतात, वरचा दांडा रेटा घेतो, आणि अवजाराचा भार मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जड काम करू शकला. १९३९ मध्ये फोर्डच्या सहकार्याने ही रचना सर्वदूर गेली आणि आजचा प्रत्येक लहान ट्रॅक्टर तिच्यावरच चालतो. भाषेनेही हा फरक टिपला आहे: बैल ‘जुंपतात’, अवजार ‘जोडतात’. जुंपण्यात दोन जिवांचा भार एका जुवावर येतो; जोडण्यात एक पिन बसते.

यादीतली अवजारे निवडताना जमीन पुन्हा मध्ये आली. रोटाव्हेटर, ज्याला गावात सारे ‘रोटर’ म्हणतात, दरवर्षी एकाच खोलीवर फिरला की त्याखाली मातीचा कठीण थर तयार होतो. खाचरात तो थर उपकारक, कारण पाणी खाली झिरपत नाही. तोच थर वरकसात अपायकारक, कारण तेथे पाणी मुरावयास हवे आणि आंब्याच्या मुळांना वाट हवी. तेव्हा खाचरांसाठी तीन फुटी रोटर आणि चिखलणीची लोखंडी पिंजऱ्याची चाके, वरकसासाठी पाच फणांचा कल्टिव्हेटर, आणि दोहोंसाठी लहान ट्रॉली, एवढेच ठरले. पुढे बसवायचा लोडर कामांच्या यादीत कोठेच बसेना, म्हणून तो गळाला.

धाकटीने दोन गोष्टी मात्र अटीच्या रूपाने घातल्या. पहिली, डोक्यावरची लोखंडी कमान व आसनाचा पट्टा. उतारावर लहान ट्रॅक्टरही उलटतो आणि हलका असला तरी माणसाच्या छातीला तो जडच असतो. दुसरी, मागे फिरणाऱ्या पीटीओच्या दांड्यावरचे आवरण. हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचे किंवा धोतराच्या सोग्याचे टोक त्यात गेले तर हात मागे घेण्याइतकाही अवधी मिळत नाही. गावातील बहुतेक ट्रॅक्टरांची ही आवरणे काढून गोठ्याच्या कोपऱ्यात टाकलेली दिसतात. विक्रेत्याने अवजारांवर सूट सांगितली होती. तिने सूट सोडून आवरण मागून घेतले.

शेवटी वीस अश्वशक्तीचा, चारही चाकांना गती असलेला आणि साडेतीन फुटांहून कमी रुंदीचा ट्रॅक्टर ठरला. फणस वाचला, गडगा वाचला. नऊ बांध जागच्या जागी राहिले; सात खाचरांच्या कोपऱ्यांत उन्हाळ्यात दगड लावून उतार केले, तेही मामांनी दाखवलेल्या जागी. तीन गुंठ्यांच्या दोन खाचरांत यंत्र वळतच नाही. तेथे अजून शेजारची बैलजोडी येते, आणि त्या बदल्यात शेजाऱ्यांची चिखलणी आमचा ट्रॅक्टर करतो. वाटणीचा प्रश्न सुटला असे नाही. यंत्राच्या आकाराने तो सोडवायचा नाही, इतके मात्र ठरले.

नोंदणीच्या वेळी कोणाचे नाव घालावे असा प्रश्न आला. महाराष्ट्रात १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. सातबारावर धाकटीचे नाव आमच्याबरोबर आहेच. ट्रॅक्टर तिच्या एकटीच्या नावाने करावा असे थोरल्यानेच सुचवले. त्यावर मामा म्हणाले, “कुणाच्याबी नावानं करा, आपलं खाचर वेळेत लागलं म्हंजी झालं.”

‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो, हे व्याकरणात आपण शिकवतो. हा लेख आरंभापासून ‘आम्ही’त लिहिला आहे आणि त्या ‘आम्ही’त तिघेच आहेत. चाळीस वर्षे त्या चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाने मात्र ‘आपलं’ म्हणावे, आणि कागदावर त्याला त्यात जागा नसावी, हा प्रश्न आमच्या अवजारांच्या यादीत नव्हता. तो आता तिच्या शेवटी लिहून ठेवला आहे.