उन्हाच्या वेळापत्रकानं वेरूळ-अजिंठा

छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या पाहुण्याला टॅक्सीवाले एक ठरलेला दिवस देतात. सकाळी ९ ला निघायचं, वाटेत दौलताबाद, ११ च्या सुमाराला वेरूळ, जेवण, घृष्णेश्वर, आणि दमूनभागून संध्याकाळी बीबी का मकबरा. गाडीच्या आणि जेवणाच्या हिशेबानं हा क्रम अगदी बरोबर आहे. उन्हाच्या हिशेबानं मात्र तो जवळपास उलटा. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून असलेल्या डोंगरकड्यात कोरलेली आहेत. सकाळी सूर्य कड्याच्या मागे असतो, दर्शनी भाग सावलीत आणि वर आभाळ पांढरंफटक. फोटोत मग लेणं काळं पडतं आणि त्यापुढे उभी असलेली माणसंही.

दिवाळी नुकतीच उलटली होती आणि मी सिडकोत ताईकडे गेलो होतो. माझी भाची आदल्याच महिन्यात मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या क्रूझवर जाऊन आली होती. तिच्या फोनमध्ये त्या सहलीचे इतके फोटो होते, की बघताना ताईचा चहा निवून गेला. टॉवेलचा केलेला हत्ती, बुफेतल्या सगळ्या ताटल्या, कठड्याला टेकून उभे सगळे जण, आणि मागे निळा पट्टा. "मामा, समुद्र इतका भारी होता, पण फोटोत काही येतच नाही बघ," असं ती म्हणाली. तोच फोन घेऊन वेरूळ-अजिंठा करू या, असं मी सुचवलं. एकच अट घातली, गाडी कधी कुठे न्यायची ते ऊन ठरवणार.

सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. हे दोन वार टाळून गाडी सांगितली. क्रम ऐकून ड्रायव्हरदादा हसले. "मकबरा सकाळी सकाळी? तिथं तर सगळे संध्याकाळी जातात, साहेब."

सात वाजता मकबऱ्यात फिरायला येणारे मोजके लोक होते. मुख्य दरवाजा दक्षिणेकडे, त्यामुळे आत शिरलं की आपण उत्तरेकडे बघत असतो आणि सकाळचं ऊन उजव्या हातानं येतं. मिनारांची एक बाजू उजळते, दुसरी निळसर सावलीत राहते, आणि एरवी सपाट दिसणाऱ्या त्या पांढऱ्या इमारतीला गोलाई येते. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर १६६०च्या सुमाराला पूर्ण झाली. ताजमहालाचे उस्ताद अहमद लाहौरी यांचा मुलगा अताउल्ला याच्या हातचं हे काम. संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला, मधला बराचसा भाग चुन्याच्या गिलाव्याचा. दुपारच्या उन्हात सगळंच सारखं पांढरं दिसतं. सकाळी मात्र संगमरवर थंड दिसतो आणि गिलावा किंचित पिवळसर, दोन्ही डोळ्यांना वेगळे कळतात.

भाचीनं दरवाजाच्या कमानीतून फोटो घेतला. पडद्यावर कमान छान दिसत होती आणि घुमट दुधात बुडाल्यासारखा झाला होता. फोन बिचारा सगळ्या चित्राची सरासरी काढतो, म्हणून अंधारी कमान उजळायला जातो आणि घुमट जाळतो. घुमटावर बोट थोडं दाबून धरलं की उजेड तिथल्या हिशेबानं पक्का होतो, मग शेजारची सूर्याची खूण थोडी खाली ओढायची. कमान काळी झाली आणि त्या काळ्या चौकटीत घुमटावरची नक्षी एकेक पाकळीनिशी उमटली. त्याआधी आणखी एक काम केलं होतं. ओढणीच्या टोकानं लेन्स पुसली. घरातून निघाल्यापासून तिच्यावर पोह्यांच्या तेलाचा अंगठा होता. निम्मे धुरकट फोटो एवढ्यानंच सुधारतात.

दौलताबादच्या रस्त्याला बायका सीताफळांच्या टोपल्या मांडून बसल्या होत्या. हंगाम सरत आला होता, फळं लहान पण डोळे टपोरे उघडलेले. एका मावशींनी एक फळ दोन्ही तळव्यांत धरून अलगद उकललं आणि आमच्यापुढे धरलं. भाचीनं गाडीतूनच फोन वर केला होता, तो खाली घेतला. उतरून विचारलं, "मावशी, फोटो काढू का?" त्यांनी आधी पदर सारखा केला, मग टोपलीतली दबलेली फळं मागे सारून चांगली पुढे आणली. "काढ, पण मला पण पाठव. पोराच्या नंबरवर पाठव." नंबर घेतला, दोन किलो फळं घेतली, आणि फोटो तिथंच उभ्या उभ्या पाठवला. चेहऱ्याचा फोटो जवळून घ्यायचा तर झूम थोडं वाढवून दोन पावलं मागे व्हावं. अगदी नाकाशी फोन नेला की रुंद लेन्स नाक मोठं आणि कान लहान करते. मावशींना हे सांगायची गरज पडली नाही. फोटो बघून त्या म्हणाल्या, "बरी आली बाई मी."

किल्ल्यात दहाच्या आत शिरलो. यादवांची देवगिरी, १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी करून ठेवलेलं दौलताबाद, नंतर बहमनी, निजामशाही, मुघल. इतिहास इथं थरांनी साठलाय, पण फोटोसाठी सगळ्यांचे हात वळतात ते चांदमिनाराकडे. पायथ्याशी उभं राहून फोन वर केला की मिनार मागे कलंडतो. उपाय चालण्याचा आहे. लांब मागे जायचं, फोन भिंतीसारखा सरळ धरायचा, आणि खाली जास्तीची येणारी हिरवळ नंतर कापून टाकायची. पुढची अंधारी म्हणजे शत्रूला चकवण्यासाठी कातळात कोरलेला काळोखा वळणावळणाचा मार्ग. तिथं वटवाघळांचा वास आणि पायऱ्यांचा अंदाज पुरेसा असतो. फोन खिशात गेला आणि मोकळे दोन्ही हात भिंतीला लागले.

दुपारी खुलताबादच्या बाजूला जेवताना भाचीला एकदम आठवण झाली. "मग मामा, जहाजावर आम्ही चुकीच्या बाजूला उभे होतो की काय?" कागदी रुमालावर मी किनारा काढून दाखवला. मुंबईहून गोव्याला जाणारं जहाज दक्षिणेला जातं. म्हणजे संध्याकाळ उजव्या बाजूच्या डेकची, आणि सकाळ डावीकडची, किनाऱ्यावरून वर येणाऱ्या सूर्याची. परतीला सगळं उलट. समुद्राचा नुसता निळा पट्टा का येतो, तर त्यात डोळ्याला अंदाज घ्यायला काहीच नसतं. मासेमारीची एखादी होडी, दीपगृह, कठड्याची दोरी, डेक धुणारा खलाशी, असं काही चौकटीत आलं की समुद्र मोठा दिसतो. ते ऐकून तिनं रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. पुढच्या वर्षी परत जायचा बेत आहे म्हणे.

वेरूळला पोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. सकाळच्या सहलींच्या बसगाड्या निघायच्या बेतात होत्या आणि ऊन नुकतंच कड्याच्या अंगावर उतरलं होतं. ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी एका दुपारात बघण्याचा हट्ट सोडून आम्ही दोन निवडली.

पहिलं १० नंबरचं, लोकांच्या तोंडी 'सुताराची झोपडी'. छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी फासळ्या कोरल्यात, म्हणून हे नाव. आत स्तूपाला टेकून बसलेले बुद्ध. मार्च महिन्यात ठरावीक दिवशी मावळतीचे किरण दर्शनी गवाक्षातून थेट मूर्तीवर पडतात आणि ते बघायला गर्दी होते. नोव्हेंबरात तो योग नाही, पण जमिनीवरून परतलेला मंद उजेड होता. अशा अंधारात फ्लॅश मारला की पुढचा खांब पांढरा आणि मूर्ती गायब. रात्रीचा मोड लावायचा, कोपरं बरगड्यांना घट्ट टेकवायची, श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि मग बटण. दोन-तीन सेकंद हात हलला नाही तर फासळी न् फासळी मोजता येते.

दुसरं अर्थातच कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, म्हणजे ८व्या शतकातलं. अंगणात उभं राहिलं की सुमारे १०० फूट उंचीचं हे काम कुठल्याच फोटोत मावत नाही आणि सगळे ते मावावं म्हणून पाठ भिंतीला लागेपर्यंत मागे सरकत राहतात. आम्ही बाजूच्या पायवाटेनं डोंगरावर चढलो. वरून दिसतं ते खालच्या माणसाला कधीच दिसत नाही. मंडपाच्या छपरावर उमललेलं कमळ आणि त्यावर चार दिशांना निघालेले चार सिंह. कातळ वरून खाली कोरत नेलाय, म्हणजे मंडपाचा पायथा कोरायच्या कितीतरी आधी कारागिरांनी हे सिंह घडवले. साडेचारचं ऊन तिरकं आलं तेव्हा सिंहांच्या सावल्या छपरावर लांब पसरल्या आणि कमळाच्या पाकळ्यांच्या कडा उठून आल्या. खाली अंगणातली माणसं मुंगीएवढी. भाचीनं लाल साडीतली एक बाई हत्तीपाशी पोचेपर्यंत वाट बघितली, मग एकच फोटो घेतला. मंदिर केवढं आहे ते त्या लाल ठिपक्यानं सांगितलं.

घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात फोटोला मनाई आहे. दर्शन घेतलं, प्रसाद घेतला, निघालो.

अजिंठ्यासाठी मात्र पहाटे निघालो. फुलंब्री, सिल्लोड करत शंभरेक किलोमीटर. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून बसनं चार किलोमीटर, आणि ९ ला दार उघडताच आत. इथं फ्लॅशला सक्त मनाई आहे आणि असायलाच हवी. मातीचं लिंपण, त्यावर पातळ लेप, त्यावर रंग, अशी ही चित्रं. त्यांना उजेडाचा मारा सोसत नाही. पूर्वी बाहेर आरसा किंवा पांढरं कापड धरून ऊन आत खेळवायचे. आता मंद दिवे आहेत. १ नंबरच्या लेण्यातल्या पद्मपाणीचा फोटो त्या दिव्यांत फार पिवळा येतो. फोनमध्ये रंगाची ऊब थोडी कमी केली तेव्हा बोटांतल्या कमळाचा आणि गळ्यातल्या मोत्यांचा रंग वेगळा झाला. २६ नंबरच्या लेण्यात डावीकडच्या भिंतीला महापरिनिर्वाणाची सातेक मीटर लांब मूर्ती आहे. समोरून ती चौकटीत बसत नाही आणि पॅनोरमा घेतला तर वाकते. पायांशी उभं राहून डोक्याकडे बघितलं की आख्खी येते, आणि खाली शोक करणारे भिक्षू एकेक दिसत जातात. हे लेणं उन्हाळी अयनदिनाच्या सूर्याच्या दिशेला आणि १९ नंबरचं हिवाळी अयनदिनाच्या, असं अजिंठ्यावर आयुष्य घालवलेल्या वॉल्टर स्पिंक यांनी मांडलंय. उन्हाचं वेळापत्रक लेणी खोदणाऱ्यांनाही पाठ होतं.

या गुहांशी झगडलेला एक जुना फोटोवाला म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. १८४४ मध्ये मद्रास सैन्यातल्या या अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला करायला कंपनी सरकारनं इथं पाठवलं. त्यानं वर्षानुवर्षं तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या, त्या लंडनला गेल्या, आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सनं विद्यार्थ्यांना घेऊन नव्यानं नकला केल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. गिलनं मात्र दरम्यान कॅमेरा हाती घेतला होता. त्या काळी काचेवर ओला लेप द्यायचा आणि तो वाळायच्या आत फोटो घेऊन धुवायचा. डोंगरात, उन्हात, पाणी वाहून आणून. त्याचे ७४ फोटो १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकात आले, प्रती ठिकठिकाणी गेल्या, म्हणून ते टिकले. एकाच जागी ठेवलेलं जळालं. वाटलेलं उरलं.

ताईकडे परतल्यावर भाचीनं दोन्ही ठिकाणचे फोटो गाळायला घेतले. सारखे चार असले की एक ठेवायचा, आणि कोणता ठेवायचा हे ताईनं ठरवायचं, कारण ती बरोबर नव्हती. आपल्याला जो फोटो आवडतो त्यात बऱ्याचदा आपली दमणूक आवडलेली असते. जे उरले ते मूठभर. प्रत्येकाखाली एक ओळ: लेण्याचा नंबर, कोण आहे, किती वाजता. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना एचडी निवडलं, नाहीतर सिंहांच्या सावल्यांचा चुरा झाला असता. लांबच्या नातेवाइकांसाठी फोनमधल्या सामायिक अल्बमची लिंक. सहलीला आलेल्या शाळकरी मुलींचा एक सुंदर फोटो होता, तो तिनं आपल्यापाशीच ठेवला. विचारलं नव्हतं ना त्यांना.

कुटुंबाच्या ग्रुपवर एरवी फोटोंना नुसते अंगठे येतात. या वेळी प्रश्न आले. पुण्याच्या काकूंनी विचारलं, शोक करणारे भिक्षू कुठले, गोल करून पाठव. कुणी वेरूळला किती वाजता जायचं ते विचारलं. भाचीनं अजिंठ्याच्या एका फोटोखाली गिलचं नाव घालून, तो १८७९ मध्ये वारला आणि त्याला भुसावळला पुरलं, एवढं लिहिलं होतं. भुसावळचे काका रेल्वेतून निवृत्त, ग्रुपवर सुप्रभात सोडून काही बोलत नाहीत. त्यांचा निरोप आला: "जन्म गेला इथं, कुणी सांगितलं नाही. उद्या जाऊन फोटो काढतो. किती वाजता जाऊ?"

भाचीनं लगेच उलट विचारलं, "काका, कबरीवरचा लेख कोणत्या दिशेला तोंड करून आहे?"

"ते बघायला उद्या जातो, फोटो परवा."