गळून पडणारी पदे

एखादी संख्या घ्यावी, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी आणि येणाऱ्या संख्येवर पुन्हा तेच करावे, ही दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची ‘डिजिटॅडिशन’ची कृती असून १ पासून निघाल्यास तिच्यातून १, २, ४, ८, १६, २३, २८, ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१ अशी मालिका उलगडत जाते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळवणारे कापरेकर पुढे देवळालीच्या शाळेत शिक्षक होते.

पायथन भाषेत ही मालिका लिहू पाहणारा नवखा प्रोग्रॅमर बहुधा दहाने भागत जाऊन बाकीच्या रूपाने एकेक अंक सुटा करतो आणि या भागाकारांत मूळ संख्या संपून जात असल्याने तिची प्रत वेगळ्या चलात, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावात, जपून ठेवतो. संख्येचे ‘स्ट्रिंग’मध्ये, म्हणजे अक्षरांच्या माळेत, रूपांतर करून प्रत्येक अक्षराचा पुन्हा अंक केला व त्यांची बेरीज घेतली, तर आतले लूप, म्हणजे भागाकारांची ती पुनरावृत्ती, आणि ती प्रत दोन्ही एका ओळीत मिटतात. हा आखूडपणा उपयोगाचा खरा, पण तो भाषेने दिलेला आहे. चलांची नावे एकाक्षरी करून वाचवलेली जागा तर आखूडपणात धरूच नये, कारण तेथे विचाराचे एकही पाऊल कमी झालेले नसते.

खरी काटछाट गणित करते. वरील चौदा पदांतील सर्व अंकांची एकूण बेरीज हवी असेल, तर सरळ मार्गाने प्रत्येक फेरीला एका स्वतंत्र चलात भर घालत राहावे लागते; कापरेकरांच्या रीतीने मात्र शेवटच्या पदातून पहिले वजा करून शेवटच्या पदाच्या अंकांची बेरीज त्यात मिळवली की काम होते: १०१ − १ + २ = १०२. लगतच्या दोन पदांतील फरक म्हणजेच आधीच्या पदाच्या अंकांची बेरीज असल्यामुळे हे फरक एकत्र करताना मधली सगळी पदे गळून पडतात, आणि त्यांच्याबरोबर तो चलही. पदामागून पद काढणारे बाहेरचे लूप तेवढे उरते, कारण पुढची उडी किती मोठी हे हातातल्या पदाचे अंकच ठरवतात.

आखूड केलेला कोड तपासण्याची सोयही या मालिकेतच आहे. कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यास बाकी सारखीच उरते, म्हणून दर पावलाला पदाची बाकी दुप्पट होते, ती नवाच्या वर गेल्यास नऊ वजा होतात, आणि १, २, ४, ८, ७, ५ हे सहा आकडे याच क्रमाने फिरत राहतात. पडद्यावरच्या एखाद्या पदाची बाकी ०, ३ किंवा ६ आली, तर कोड नक्की चुकलेला असतो.