मांडीवरची जागा

मुलांनो, गाडी घ्यायची ठरली आणि आमच्या घरात रंगावरून भांडण जुंपलं. मोठीला लाल हवी, धाकट्याला निळी. माझ्या डोळ्यांपुढे मात्र मागचा गणपती होता. सायन-पनवेल महामार्गावरून खारघरला परतताना टॅक्सीने करकचून ब्रेक दाबला, आणि मांडीवरचा धाकटा सुटून पुढच्या सीटवर आपटला. कपाळाला तीन टाके पडले. मी त्याला घट्ट धरलं होतं हो!

नंतर मी गणित मांडून पाहिलं. ताशी 50 किलोमीटर वेगाने आदळणं म्हणजे सुमारे 10 मीटर उंचीवरून, जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून पडणं! तिथे आईचे हात काय पुरणार?

म्हणून शोरूममध्ये मी आधी तारे विचारले. 2023 पासून आपल्याकडे 'भारत एनकॅप' ही टक्कर-चाचणी होते. तिच्यात मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेला वेगवेगळे तारे मिळतात. मग मागे बसून पट्टे मोजले. एका गाडीत मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा! तिथे तर मोठी बसणार. ती गाडी बाद. सात जणांचीही पाहिली, पण सगळे बसल्यावर बॅगा ठेवायच्या कुठे?

शेवटी पाच जणांची घेतली. करडी! धाकट्यासाठी मागे चाइल्ड सीट बसवली. साताऱ्याला निघालो, तर त्याने कळंबोलीपर्यंत भोकाड पसरलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझी मांडी मोकळीच आहे की!" मी नाही म्हटलं. त्या लोणावळ्यापर्यंत बोलल्या नाहीत.