अर्ध्या पायडलवर

फिजिओथेरपीच्या खोलीत खिडकीशी एक सायकल आहे. तिला चाकं नाहीत, घंटी नाही, ती कुठे जात नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनला सोळा दिवस झाले होते. त्या सकाळी तिथल्या मुलीने मला तिच्यावर बसवलं आणि माझं उजवं पाऊल पायडलवर नीट ठेवून दिलं.

"काकू, जोर अजिबात लावायचा नाही. अडेल तिथून परत फिरायचं."

पायडल खाली गेलं, मागून वर यायला लागलं आणि घड्याळात दहा वाजतात त्या जागी येऊन अडलं. दहापासून बारापर्यंतची ती एवढीशी वाट काही केल्या मिळेना. मग परत. खाली, मागे, दहाची जागा, पुन्हा परत. पाळणा हलावा तसा पाय हलत राहिला. डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्यामुळे नव्हे. ही हालचाल माझ्या ओळखीची होती. मी नऊ वर्षांची असताना फलटणला अशीच सायकल शिकले होते.

वडिलांची चोवीस इंची सायकल, मधे आडवी नळी. सीटवर बसायचं तर पाय अधांतरी. म्हणून नळीखालून उजवा पाय पलीकडे घालायचा, डाव्या हाताने हँडल आणि उजव्या हाताने सीट कवटाळायची, आणि अंग एका बाजूला कलतं ठेवून हाफ पायडल मारायचं. पूर्ण फेरा येतच नसे. पायडल अर्धं खाली, मग कुर्रर्र करत मागे, पुन्हा अर्धं खाली. परकराचा काठ चेनमध्ये जाई आणि घरी आल्यावर काळ्या वंगणाचे डाग आईपासून लपवावे लागत. तरी त्या अर्ध्या-अर्ध्या पायडलवर मी फलटणचे सगळे सपाट रस्ते पालथे घातले. एक दिवस नळीवरून पाय टाकला आणि पायडल पहिल्यांदा गोल फिरलं. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं ते फिरतच राहिलं. मी त्याच्याकडे पुन्हा पाहिलंही नाही.

लग्न होऊन साताऱ्याला आले. यादोगोपाळ पेठेतलं घर, आणि उतारावर वसलेलं हे गाव. इथे सायकल म्हणजे जाताना वारा आणि येताना घाम. शाळेत शिकवायला मी सायकलवरूनच गेले, एकतीस वर्षं. निवृत्तीनंतर गिअरची घेतली आणि यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊ लागले. पंचवीस किलोमीटर. घाटाच्या एका वळणावर मागे पाहिलं की अजिंक्यतारा नजरेच्या रेषेत येतो, आणि थोडं वर गेलं की आपल्याहून खाली. ते सुख मी कुणाला शब्दांत सांगू शकलेली नाही.

गुडघा मात्र घाटात गेला नाही. घराच्या अंगणात गेला. उकिडवी बसून कुंडीतलं तण काढत होते, मागे ठेवलेलं खुरपं घ्यायला तशीच वळले. आत काहीतरी कट् झालं. उठायला गेले तर गुडघा सरळ होईना, दाराच्या फटीत खडा अडकावा तसा अर्धवट वाकलेलाच राहिला. ह्यांनी आणि शेजारच्या मुलाने उचलून घरात आणलं.

गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये कुर्चेच्या दोन चकत्या असतात, चंद्रकोरीच्या आकाराच्या. आपल्याकडे त्यांना सरसकट गादी म्हणतात. डॉक्टर मेनिस्कस म्हणतात. माझी आतल्या बाजूची चकती उभी चिरली होती आणि तिची कड सुटून सांध्यात अडकली होती. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं. माझ्या वयात झिजून फाटलेल्या गाद्या पुष्कळांच्या गुडघ्यांत असतात आणि त्यातल्या बऱ्याच नुसत्या व्यायामाने निभावतात, पण अडकलेला गुडघा ही वेगळी गोष्ट. तो मोकळा करायलाच हवा. या चकतीच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, तिथली चीर शिवली तर जुळते. आतल्या कडेला रक्तवाहिनीच नाही, तिथे टाका घालून उपयोग नसतो. माझी चीर रक्त न पोचणाऱ्या भागात होती. "जेवढं सुटलंय तेवढंच कापू, बाकी सगळं राखू," असं ते म्हणाले. 'राखू' हा शब्द मला फार धीर देऊन गेला.

दुर्बिणीचं ऑपरेशन, असं आपण म्हणतो. दुर्बीण म्हणजे दूरचं पाहायची नळी, आणि इथे ती आपल्याच गुडघ्यात शिरते. पण मला तो शब्द चुकीचा वाटत नाही. पाठीत इंजेक्शन दिल्यावर कमरेखालचं सगळं माझं राहिलं नव्हतं, मी जागी होते, आणि शेजारच्या पडद्यावर जे दिसत होतं ते चंद्राइतकंच दूरचं होतं. वाटीच्या दोन बाजूंना बोटाच्या पेरापेक्षा लहान दोन छिद्रं. एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यार. सांधा सलाइनने फुगवलेला, त्यामुळे आत सगळं पाण्याखालचं. हाडांची टोकं गुळगुळीत, मोत्यासारखी ओली पांढरी. आणि त्यांच्यामध्ये शहाळ्यातल्या मलईचा पापुद्रा तरंगावा तशी ती सुटलेली कड, प्रवाहाबरोबर सावकाश हलणारी. इतकी सुंदर दिसत होती की हिनेच मला जमिनीवर आणलं यावर विश्वास बसेना. चिमट्याच्या तोंडासारखं काहीतरी आलं, त्याने तिचे बारीक बारीक घास घेतले, एका नळीने ते ओढून नेले. अर्ध्या तासात संपलं.

नंतर पडल्या पडल्या मी या शस्त्रक्रियेबद्दल मिळेल ते वाचलं. गणिताच्या बाईला उत्तराआधीच्या पायऱ्या लागतातच. १९१८ मध्ये टोकियोत केंजी ताकागी या डॉक्टरांनी मूत्राशय तपासायची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्या काळी क्षयाने गुडघे आखडून जात, आणि गुडघे मुडपून जमिनीवर बसणाऱ्या जपानी माणसाचं आखडलेल्या गुडघ्याने सारं घरातलं जगणंच अडे. पाटावर बसून जेवणाऱ्या, मांडी घालून पूजेला बसणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून पाहत चकतीचा फाटलेला तेवढाच तुकडा काढला. त्याआधी अख्खी चकतीच काढून टाकायची रीत होती. चकती बिनकामाची समजत. १९४८ मध्ये फेअरबँक नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी चकती काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे पाहून हाडांत होत जाणारे बदल दाखवले, तरी ती रीत मोडायला बरीच वर्षं गेली. माझ्या आत्याचा गुडघा त्या जुन्या रीतीने उघडला होता. तिच्या पायावरचा वीतभर व्रण मी लहानपणी बोटाने मोजायची. ती पुन्हा कधी उकिडवी बसली नाही. माझ्या गुडघ्यावर दोन ठिपके आहेत, टिकली काढल्यावर कपाळावर राहतात तसे.

फिजिओथेरपीच्या मुलीकडे एक कोनमापक होतं, दोन लांब हातांचं. शाळेत आम्ही सरळ रेषेला १८० अंश म्हणतो, तिच्या वहीत सरळ पाय म्हणजे शून्य. पहिल्या दिवशी माझा गुडघा ७० पर्यंत वाकला. पायडलचा पूर्ण फेरा घ्यायला ११० च्या आसपास लागतात. मधले चाळीस अंश मिळवण्यात महिना गेला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाय सरळ ठेवून वर उचलायचा, टाच पलंगावरून घासत जवळ आणायची, मग बर्फ. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. गौरी आल्या तेव्हा मला खाली बसता येत नव्हतं. सुनेने त्यांना साड्या नेसवल्या आणि मी खुर्चीवरून निऱ्या सांगितल्या.

त्या दिवसांत एक गोष्ट कळली, ती अजून मनातून जात नाही. हाडांच्या टोकावरच्या त्या गुळगुळीत कुर्चेलाही रक्त नाही. सांध्यातलं वंगण हेच तिचं अन्न. पाय वाकला की ती स्पंजासारखी दबते, सुटला की वंगण शोषून घेते. म्हणजे गुडघा हलला तरच तो जेवतो. ऑपरेशन झालं, आता पाय जपून ठेव, असं मला येणारं-जाणारं प्रत्येक जण मायेने सांगत होतं, आणि मी त्याच पायाला त्या चाक नसलेल्या सायकलवर रोज वीस मिनिटं, बाळाला भरवावं तशी, अर्धा-अर्धा घास भरवत होते.

पूर्ण फेरा आधी उलटा आला. "काकू, आज मागे फिरवून बघा," असं ती मुलगी म्हणाली. मागे फिरवताना दुखणारी जागा वेगळ्या बाजूने येते, पायाला ती ओळखायला वेळ लागतो. पायडल बारावर गेलं, क्षणभर वाटलं अडणार, आणि ते पलीकडे उतरलं. मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही. तिने वहीत १०९ लिहिलं. दोन दिवसांनी सुलटा फेरा आला. पायडलची दांडी सतरा सेंटिमीटरची, म्हणजे परीघ मीटरभराहून थोडा जास्त. फळ्यावर मी हजारो वर्तुळं काढली असतील. हे एक मला हाताने काढता आलं नाही.

ऑक्टोबरमध्ये माझी सायकल मोती चौकाजवळच्या दुकानात नेली. दुकान चालवणारा माझाच विद्यार्थी.

"बाई, सीट दोन बोटं वर घेतो. वरच्या टोकाला गुडघा कमी वाकेल."

"खाली पाय पोचेल का रे?"

"पायडल तळाला असताना गुडघा थोडासाच वाकलेला हवा. बसा, बघू." त्याने वाकून माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, पुन्हा पाना लावला, पुन्हा पाहिलं. "आणि बाई, चढाला सगळ्यात हलका गिअर. पाय भरभर फिरू दे, रेटू नका."

मी आयुष्यभर रेटतच आले होते. उभं राहून, दात आवळून, जड गिअरवर. माझी सायकल म्हणजे खाली दाबणं. वर येणारा पाय आपोआप येतो असंच मी धरून चालले होते. वर येणाऱ्या पायालाही काही करावं लागतं, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

साताऱ्यातून पहिल्यांदा सायकल न्यायची तर कुठे? पश्चिमेला यवतेश्वरचा घाट, तो आत्ता नाही. पूर्वेला कोरेगाव रस्त्याने संगम माहुली, पाच-सहा किलोमीटर आणि सगळा उतार. पहाटे निघाले. राजवाडा, पोवई नाका, मग गाव मागे पडलं. पाय नुसते फिरत होते, वजनाशिवाय. शेतांवर धुकं होतं आणि रस्त्याच्या कडेला पाऊस संपल्याचा तो ओल्या गवताचा वास. संगमावर कृष्णा आणि वेण्णा दोघी भरून वाहत होत्या. विश्वेश्वराच्या देवळापाशी सायकल टेकवली. घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याशी जावंसं वाटलं. चार उतरले, दुखरा पाय आधी, आणि तिथेच उभी राहिले. पलीकडे क्षेत्र माहुली, रामशास्त्र्यांचं गाव, धुक्यातून हळूहळू वर येत होतं.

परतीचा चढ होता. सगळ्यात हलका गिअर टाकला. सायकल चालण्याच्या वेगाने पुढे सरकत होती, एक दूधवाला कॅन खडखडवत मागून येऊन पुढे निघून गेला, मग शाळेची दोन मुलं. मी पायांकडे लक्ष ठेवून होते. दहाची जागा, अकराची, बारा. पलीकडे. प्रत्येक फेऱ्याला ती जागा येत होती आणि मी तिला भेटून पुढे जात होते. पोवई नाक्याच्या अलीकडे चढ जरा कडक होतो, तिथे गुडघ्यात आतल्या बाजूला हलकी कळ आली. लगेच उतरले. सायकल हातात धरून शंभर-दीडशे पावलं चालले आणि पुन्हा बसले.

घरी येऊन पायरीवर टेकले आणि टेप मागवली. वाटीच्या वर चार बोटं, दोन्ही मांड्यांचा घेर. उजवी अजून दीड सेंटिमीटर कमी आहे; ऑपरेशननंतर तीन होती. वाटीच्या दोन्ही कडा अंगठ्याने दाबून पाहिल्या, पाणी भरलेलं नव्हतं. वहीत तारीख घातली, पुढे लिहिलं, माहुली, जाऊन-येऊन, एकदा उतरले. मग ह्यांनी चहा आणला.