अप्पा कापलेला सिद्राम

दुधनीच्या स्टेशनात गाडी थांबली की दारात उभं राहून "सिद्रामप्पा!" अशी एक हाक मारून पाहा. पाच-सहा जण तरी वळून बघतील. त्यांतला एखादा तुमची पिशवीही उतरवून घेईल. बाराव्या शतकातल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची आमच्या भागावर एवढी कृपा आहे, की सिद्राम, सिद्धाराम, सिद्धप्पा, सिद्धेश्वर पावलोपावली भेटतात. उरलेल्यांना मल्लिनाथ किंवा शरणप्पा म्हणावं, सहसा चुकत नाही. तेव्हा नाव हे माणूस ओळखण्यासाठी असतं, ही समजूत येताना अक्कलकोट रोडलाच उतरवून ठेवावी. ओळखायची सोय आमच्याकडं वेगळी आहे. गिरणी सिद्राम, पोस्ट सिद्राम आणि तिसरा सिद्राम. गिरणी बंद पडली, पोस्टवाला रिटायर झाला, नावं मात्र चालू आहेत. आणि तिसरा हा नक्की कुणाच्या मागचा तिसरा, ते त्यालाही सांगता येत नाही.

मीही या सिद्रामांतलाच एक, असं धरून चला.

खरं म्हणजे मी सिद्रामप्पा. गाव महाराष्ट्रात, पण घरोघरी कन्नड. महाजन आयोगानं १९६७ साली अक्कलकोट तालुका तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावा असं सुचवलं होतं. ते काही झालं नाही. पुढं १९७३ साली म्हैसूरनं स्वतःचंच नाव बदलून कर्नाटक केलं. त्यासाठी संसदेला कायदा करावा लागला. आमच्यासारख्याचं स्टँपपेपरवर भागतं. तर कन्नडमध्ये अप्पा म्हणजे बाप, अव्वा म्हणजे आई. पाळण्यात पडून अंगठा चोखणाऱ्या जिवाला बारशाच्या दिवशीच सगळं गाव 'बाप' म्हणून मोकळं होतं. हा नावाचा भाग नव्हे, हा गावानं आगाऊ दिलेला मान. पुढं तो फेडायचा की बुडवायचा, हे ज्याचं त्यानं बघावं.

शाळेत नाव घालताना आमचे गुरुजी होते थेट पश्चिमेकडून बदलून आलेले. "अप्पा हे नाव नाही, नातं आहे," असं म्हणून त्यांनी माझा अप्पा कापला. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर होतं. त्यामुळं शाळेच्या दाखल्यावर मी सिद्राम, शेतीच्या कागदांवर सिद्रामप्पा आणि आधार कार्ड काढलं तेव्हा यंत्रापुढच्या मुलानं मला सिद्धाराम केलं. आम्ही तिघं एकच, असं प्रतिज्ञापत्र मी आजवर चार वेळा केलं आहे. दर खेपेला सही करताना थोडी शंका येतेच. नावाला एवढं महत्त्व कशाला, असं नाटकात लिहून गेलेल्या शेक्सपिअरच्या हातच्या सहा सह्या आज उरल्या आहेत म्हणतात, आणि त्यांत आडनावाचं स्पेलिंग एकसारखं नाही! त्या गृहस्थाला तलाठ्याकडं जावं लागलं नाही, एवढंच.

घरात मात्र यांतलं एकही नाव चालत नसे. मला आजोबांचं नाव ठेवलेलं, आणि सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही. त्यामुळं जिनं मला जन्म दिला तिनं मला नावानं कधी हाक मारली नाही. मी 'तम्मा'. मी माती खाल्ली तरी तिला नाव घेऊन ओरडायची सोय नव्हती. आजोबा ओसरीवर बसून हुक्का ओढीत हे सगळं बघायचे आणि मला वाटतं मनातून फार खूश व्हायचे.

वडील गेले आणि वारसनोंदीसाठी आम्ही मायलेक एका कचेरीत गेलो. कारकुनानं आईला विचारलं, "मयताचं नाव?"

आई गप्प. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं?

"बरं, मुलाचं नाव?"

आई पुन्हा गप्प. ते तर सासऱ्याचं.

"आजी, नावं माहीत आहेत ना तुम्हाला?" मी सांगायला पुढं सरसावलो, तर "जबाब त्यांचा आहे, त्यांनाच सांगू द्या," म्हणाला. माणूस वाईट नव्हता. दुपारची वेळ होती, त्याचा चहा गार होत होता.

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, खिडकीकडं तोंड वळवलं आणि उखाणा घेतला. बावन्न वर्षांपूर्वी मांडवात घेतला होता तोच. निम्मा कन्नड, निम्मा मराठी. शेवटी वडिलांचं नाव आलं, अप्पासकट. विधवेनं उखाणा घेतलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. शेजारच्या टेबलावरचा शिक्का वाजायचा थांबला. कारकुनाचं लिहायचं राहून गेलं होतं, पण त्यानं "पुन्हा सांगा" म्हटलं नाही. माझा अर्ज हळूच ओढून त्यावरून नाव उतरवून घेतलं.

मग आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हा."

त्यानं ते ऐकून माझं नाव लिहिलं. तेही अप्पासकट. पाचवं प्रतिज्ञापत्र त्यापायी करायचं आहे.

आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदावर आधी मुलाचं, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम झाला आहे. चांगलं झालं. आमच्या वेळी असता तर आईचं कुठलं नाव लिहायचं, यावर घरात महाभारत झालं असतं. माहेरचं की लग्नात ताटातल्या तांदळांवर बोटानं लिहून दिलेलं? आमची नात या नियमातली. तिला माझ्या आईचं माहेरचं नाव ठेवलं. शेवटचा 'अव्वा' सूनबाईंनी कापला. फॉर्मच्या चौकोनात मावत नव्हता म्हणे.

सूनबाई पुण्याची, असली बंधनं तिच्या गावीही नाहीत. नात भिंतीवर रेघोट्या ओढायला लागली की ती पूर्ण नाव घेऊन असा काही आवाज चढवते, की आतल्या खोलीत पेपर वाचत बसलेला मी चटकन उठून उभा राहतो.